बगळा पांढरा, कोतवाल काळा: पक्ष्यांच्या छायाचित्रांत उजेड आणि बारकावे कसे साधावेत

भातकापणी उरकली की येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात कडधान्याच्या पेरणीसाठी नांगरट सुरू होते आणि ट्रॅक्टरच्या मागे उघडे पडलेले किडे टिपायला गायबगळे आणि कोतवाल एकाच वेळी उतरतात. ज्याला पक्ष्यांचे छायाचित्रण शिकायचे आहे त्याच्यासाठी बेळगाव परिसरात याहून चांगली शाळा नाही. ऊन एकच, ओल्या काळ्या मातीची ढेकळे तीच, पण त्यांवर उभा असलेला एक पक्षी पांढराशुभ्र आणि दुसरा काळा कुळकुळीत. कॅमेरा सगळे आपोआप ठरवील अशा भरवशावर बटण दाबले, तर बगळ्याच्या अंगावर पिसाची एक रेघही उरत नाही, आणि तोच कोतवाल उडून विजेच्या तारेवर आभाळाच्या पुढ्यात बसला की डोळा, चोच, पंख यांतले काहीही न दाखवणारा काळा आकार तेवढा हाती येतो. हा दोष लेन्सचा नसतो आणि कॅमेऱ्याच्या किमतीचाही नसतो. उजेड मोजण्याचे काम कॅमेऱ्यावर कधी सोपवायचे आणि कधी आपल्या हातात घ्यायचे हे ठरवता आले की अर्धी वाट सरते. उरलेली अर्धी वाट बारकाव्यांची आहे, आणि तिथेही लेन्सपेक्षा अंतर, हवा आणि उजेडाची दिशा यांचाच वाटा मोठा असतो.

कॅमेरा उजेड कसा मोजतो

कॅमेऱ्यातील मीटर पक्ष्यावर पडणारा उजेड मोजत नाही. पक्ष्यावरून आणि त्याच्या भोवतालच्या वस्तूंवरून परतून आलेला उजेड मोजतो. समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला ठाऊक नसते, म्हणून सगळे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे तो धरून चालतो. नव्या कॅमेऱ्यांत पक्षी ओळखण्याची सोय आली असली, तरी मोजणीचे हे मूळ गृहीतक पुष्कळसे कायम आहे. त्यामुळे चौकट भरून बगळा असेल तर मीटर उजेड कमी करतो आणि बगळा मळकट दिसतो. उलट काळ्या ढेकळांच्या मधोमध बगळा लहानसा दिसत असेल, तर मीटर मातीलाच करडी करायला जातो, उजेड वाढवतो आणि बगळ्याचा पांढरा रंग फुटून, म्हणजे तपशील न उरता कोरा होऊन जातो. एकाच पक्ष्यासाठी पहिल्या वेळी कंपेन्सेशन (मीटरने ठरवलेल्या उजेडात आपण केलेली वाढ-घट) अधिक एक स्टॉप लागते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि दुसऱ्या वेळी उणे एक किंवा त्याहूनही थोडे अधिक उणे.

पांढऱ्या पक्ष्याला अधिक आणि काळ्या पक्ष्याला उणे असा जो सरसकट नियम नवख्यांना सांगितला जातो, तो म्हणूनच पुरेसा नाही. चौकट पक्ष्याने भरलेली असेल तेव्हाच तो खरा ठरतो. पक्ष्यांच्या छायाचित्रात बहुतेक वेळा पार्श्वभूमीचाच भाग मोठा असतो, आणि तसे असेल तेव्हा कंपेन्सेशन पक्ष्याच्या रंगाकडे पाहून नव्हे, तर पक्षी आणि पार्श्वभूमी यांच्यातील फरक पाहून ठरवावे. तारेवरचा कोतवाल काळा आहे, तरीही त्याच्या मागे पांढुरके आभाळ असल्यामुळे अधिक दीड ते दोन स्टॉप द्यावे लागतात. तसे केल्याने आभाळ कोरे पांढरे होते, पण पक्ष्याचा डोळा दिसू लागतो, आणि या दोहोंतून एकच मिळणार असेल तर डोळा निवडावा.

उघड्या उन्हात मॅन्युअल

स्वच्छ उन्हात मात्र मीटरशी हुज्जत घालत बसण्याची गरजच नाही, मॅन्युअलवर जाऊन सगळे आकडे आपणच ठरवावेत, कारण पक्षी बदलला किंवा पार्श्वभूमी बदलली तरी त्यांच्यावर पडणारे ऊन बदलत नाही. फिल्मच्या काळापासून चालत आलेला एक हिशेब इथे आजही कामाला येतो. निरभ्र उन्हात, सूर्य आपल्या पाठीशी असताना, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) एफ १६ ठेवले तर शटरचा वेग आयएसओच्या (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते सांगणाऱ्या) आकड्याइतका ठेवावा, म्हणजे आयएसओ ४०० ला १/४०० सेकंद. पक्ष्यांसाठी एफ १६ कोणी वापरत नाही, म्हणून तीच उजेडाची मात्रा ॲपर्चर उघडून आणि शटर तितकेच वेगवान करून मिळवायची: एफ ११ ला १/८००, एफ ८ ला १/१६००, एफ ५.६ ला १/३२००. थंडीच्या दिवसांत सकाळी साडेनऊच्या सुमारास येळ्ळूरच्या शिवारात आयएसओ ४००, एफ ८, १/१६०० ही मांडणी साळुंकी, टिटवी, होला अशा मध्यम रंगाच्या पक्ष्यांना जवळपास बरोबर बसते. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात ऊन कोवळे असते, तेव्हा याहून एक ते दोन स्टॉप अधिक उजेड द्यावा लागतो.

या पायामांडणीवरून पांढऱ्या आणि काळ्या पक्ष्यांकडे जाणे सोपे आहे. पांढरे पीस उन्हात एवढा उजेड परतवते की मधल्या मांडणीतच ते फुटण्याच्या काठावर असते. म्हणून बगळ्यासाठी दोन तृतीयांश स्टॉप कमी करून शटर १/२५०० करावे. कोतवालाच्या अंगावरचा निळसर झगमगता पोत दिसावा असे वाटत असेल, तर दोन तृतीयांश स्टॉप वाढवून १/१००० वर यावे, मात्र तेव्हा तो स्थिर बसलेला हवा. मॅन्युअलमध्ये या हालचाली शटरच्या चाकाच्या दोन दोन टिचक्यांत होतात, आणि थोड्या सरावाने त्या डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता करता येतात.

शिवारात पोचल्यावर पहिली चौकट सर्वात पांढऱ्या पक्ष्याची घ्यावी आणि ती पडद्यावर तपासावी. बहुतेक कॅमेऱ्यांत फुटलेल्या प्रखर भागांवर लुकलुकणारा इशारा दाखवण्याची सोय असते आणि ती पुष्कळदा बंद ठेवलेली असते. पक्ष्यांसाठी ती कायम चालू ठेवावी. बगळ्याच्या पाठीवर मोठा पट्टा लुकलुकत असेल तर एक तृतीयांश स्टॉपने उतरत जावे. खांद्याच्या कडेवर एखादा ठिपका लुकलुकून बाकी अंग शांत राहिले की थांबावे. हा इशारा आणि हिस्टोग्राम (चित्रात गडद ते उजळ भाग किती याचा आलेख) हे दोन्ही रॉ फाइलवरून, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीवरून नव्हे, तर कॅमेऱ्याने आतल्या आत तयार केलेल्या जेपेगवरून काढलेले असतात, त्यामुळे रॉमध्ये त्याच्यापलीकडे थोडी माहिती शिल्लक असते. कॅमेऱ्यातील पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवून कॉन्ट्रास्ट उतरवला, तर पडद्यावर दिसणारा इशारा रॉच्या अधिक जवळ येतो.

बगळा आणि कोतवाल एकाच चौकटीत असतील तर मांडणी बगळ्याची ठेवावी. आयएसओ ४०० च्या रॉ फाइलमधून काळ्या पिसांतला दबलेला तपशील दीड-दोन स्टॉप वर उचलता येतो. थोडा दाणा (खरखरीत ठिपके) दिसतो, पण पीस सापडते. फुटलेल्या पांढऱ्यात मात्र उचलण्यासारखे काहीच नोंदलेले नसते.

उडत्या पक्ष्याच्या बाबतीत तर मॅन्युअलचा फायदा आणखी ठळक होतो. हिडकलच्या जलाशयावर नदी सुरय पाण्यावरून उठतो, समोरच्या झाडीपुढून जातो आणि आभाळात चढतो. या तीन सेकंदांत पार्श्वभूमी तीनदा बदलते आणि स्वयंचलित मांडणी तीनदा डगमगते. सुरयावर पडणारे ऊन मात्र सबंध वेळ तेच असते, म्हणून एकदा बांधलेली मॅन्युअल मांडणी पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत टिकते.

ढगाळ हवेत, किंवा ऊन-सावली सारखी पालटत असेल तेव्हा, मॅन्युअलमध्ये शटर आणि ॲपर्चर आपण ठरवून आयएसओ स्वयंचलित ठेवणे अधिक सोयीचे जाते. यात उजेडाचा निर्णय पुन्हा मीटरकडे जातो हे लक्षात ठेवावे आणि कंपेन्सेशनचे चाक अंगठ्याखाली तयार ठेवावे. आरशाविना असलेल्या नव्या कॅमेऱ्यांत परिणाम व्ह्यूफाइंडरमध्येच दिसतो, पण भर उन्हात डोळे दिपलेले असताना त्या चित्राच्या उजळपणावर विसंबू नये. त्याच चित्रावर हिस्टोग्राम उघडून ठेवावा.

रंगांचा एक वेगळा सापळा आहे. हळद्याचा पिवळा, निखाराचा शेंदरी आणि मलबारी कर्ण्याच्या पोटाचा लालभडक रंग उन्हाच्या कवडशात आला, तर एकूण उजेडाचा हिस्टोग्राम सुरक्षित दिसत असतानाही लाल वाहिनी, म्हणजे लाल रंगाची नोंद, एकटीच भरून वाहिलेली असते. अशा छायाचित्रात पोट लाल दिसते, पण त्यात एकही पीस वेगळे दिसत नाही. लाल रंगाचा सपाट तुकडा चिकटवल्यागत वाटतो. म्हणून कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम दाखवण्याची सोय चालू करावी आणि अशा पक्ष्यांसाठी एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप हात राखून उजेड द्यावा.

जांबोटीच्या पलीकडे

खानापूर ओलांडून जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडे वळले की वरचा सगळा हिशेब उलटतो. २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेला भीमगडचा परिसर, चोर्ला घाट, आणि कारवार (उत्तर कन्नड) जिल्ह्यातले दांडेली-जोयड्याचे रान इथे झाडांच्या छताखाली उजेड उघड्या शिवारापेक्षा सात-आठ स्टॉपने कमी असतो, म्हणजे शेकडो पटींचा फरक. एफ ५.६ आणि आयएसओ ३२०० ठेवूनही शटर १/१२५ च्या वर सरकत नाही. अशा वेळी बरेच जण आयएसओ ८०० वर अडून बसतात आणि काळवंडलेली फाइल घरी आणून संगणकावर उजळवतात. हे टाळावे. आयएसओ ३२०० ला पुरेसा उजेड देऊन घेतलेली चौकट, आयएसओ ८०० ला दोन स्टॉप कमी घेऊन नंतर वर उचललेल्या चौकटीपेक्षा सहसा स्वच्छच असते, वाईट तर मुळीच नसते, आणि फोकस लागला आहे की नाही हे जागेवरच पाहता येते. दाण्याचे खरे कारण आयएसओचा आकडा नसून सेन्सरपर्यंत पोचलेला उजेड अपुरा असणे हे आहे.

रानात पक्षी बसलेला असेल तेव्हा शटर धीटपणे उतरवावे. ओढ्याच्या काठी दगडावर येणारा शीळकरी कस्तूर किंवा फांदीवर बराच वेळ निश्चल बसणारा कर्णा यांना मोनोपॉडवर (एकपायी आधारावर) १/६० सेकंदातही टिपता येते. त्यासाठी चार-पाच चौकटींची छोटी सलग फैर घ्यावी, कारण पहिल्या चौकटीत बटण दाबल्याचा धक्का असतो आणि दुसरी किंवा तिसरी बहुधा सर्वात स्वच्छ निघते. कस्तुराचे अंग लांबून काळेच दिसते. कपाळावरची आणि खांद्यावरची निळी झाक उजेड विशिष्ट कोनातून आला तरच उमटते, म्हणून त्याने मान वळवण्याची वाट पाहावी. कवडशांनी भरलेल्या जागी बसलेल्या पक्ष्यामागे वेळ घालवू नये. अर्धे अंग सावलीत आणि अर्धे कवडशात असलेला पक्षी कोणत्याही मांडणीत नीट येत नाही. तो एकसंध सावलीत सरकेपर्यंत थांबणे हाच उपाय.

दांडेलीच्या परिसरात चार जातींचे धनेश आढळतात आणि त्यांतला महाधनेश उजेडाची कठीण परीक्षा घेतो: चेहरा काळा, मान पांढुरकी, चोच पिवळी आणि मागे बहुतेक वेळा पांढरे आभाळ. इथे चोचीचा पिवळा सांभाळावा आणि त्यासाठी आभाळ सोडून द्यावे. तो समोरच्या डोंगरउताराच्या हिरव्या पार्श्वभूमीवर येईल अशा उंचवट्यावर उभे राहता आले, तर कंपेन्सेशनचा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो. जागेची निवड ही मांडणीइतकीच उजेडाची गोष्ट आहे.

अभयारण्यात शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी, आणि घरट्यावरच्या पक्ष्यापासून लांब राहावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरट्यांना आणि अंड्यांना संरक्षण दिले आहेच, पण कायदा नसता तरीही घरट्यासमोरची फांदी मोडून घेतलेल्या छायाचित्राला मी चांगले म्हटले नसते.

बारकावे कुठे हरवतात

धूसर छायाचित्र पाहून लगेच लेन्स बदलण्याचा विचार करण्यापेक्षा, धूसरपणा कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखावे. छायाचित्र संगणकावर शंभर टक्के मोठे करावे आणि केवळ पक्षी न पाहता फांदी, ढेकळे, गवत हेही पाहावे. सगळ्या चौकटीतील कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या किंवा दुहेरी दिसत असतील, तर कॅमेरा हलला आहे. फांदीची साल रेखीव आहे आणि पक्ष्याचे डोके तेवढे पुसट आहे, तर पक्षी हलला आहे. लेन्समधील स्थिरीकरण इथे काहीही मदत करत नाही, कारण ते आपला हात थोपवते, पक्ष्याची मान नव्हे. पक्ष्याच्या पुढची किंवा मागची काडी रेखीव असेल तर फोकस चुकला आहे. आणि चौकटीत कुठेच काही रेखीव नाही, एकाच फैरीतील लागोपाठच्या चौकटी कमी-जास्त धूसर आहेत, पायांच्या सरळ रेषा किंचित लाटेरी झाल्या आहेत, अशी अवस्था असेल तर दोष हवेचा आहे.

हवेचा दोष आपल्या भागात सर्वाधिक नडतो आणि त्याच्याकडेच सर्वात कमी लक्ष जाते. गोकाक तालुक्यातील धुपदाळचा बंधारा आणि त्याचे पाणपसारे यांना १९७४ मध्ये घटप्रभा पक्षी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. तिथे थंडीत करकोचे येतात. करकोचा करड्या अंगाचा, काळ्या मानेचा, कानामागे पांढऱ्या पिसांचा तुरा असलेला देखणा पक्षी आहे, पण तो सहसा लांबच्या उघड्या मैदानावर थव्याने उभा असतो. ऊन चढले की जमीन तापते, तिच्यावरची गरम हवा वर येऊ लागते आणि थंड-गरम हवेच्या थरांतून येणारा उजेड वाकडातिकडा होतो. दीडशे मीटरवरचा करकोचा सकाळी दहानंतर, कितीही महागडी लेन्स लावली तरी, रेखीव येत नाही, आणि अशा चौकटीतला तपशील कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, कारण तो सेन्सरपर्यंत पोचलेलाच नसतो. व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य मोठे करून कडा तरंगताना दिसल्या, तर लांबचा नाद सोडून जवळचे पक्षी पाहावेत. पहाटे लवकर पोचणे, पाऊस पडून गेल्यानंतरची किंवा ढगाळ सकाळ साधणे, आणि नांगरलेल्या किंवा डांबरी पृष्ठभागावरून न पाहता गवतावरून वा पाण्यावरून पाहता येईल अशी जागा घेणे, एवढेच आपल्या हातात असते. गाडीतून छायाचित्रे घ्यायची असतील तर एसी किंवा हीटर आधीच बंद करून सगळ्या काचा उघडाव्यात आणि आतली हवा बाहेरच्या हवेसारखी होईपर्यंत थांबावे. उघड्या खिडकीतून दोन तापमानांची हवा मिसळत असते आणि लेन्स नेमकी तिच्यातून पाहत असते.

अंतर हा दुसरा मोठा घटक. अंतर निम्मे झाले की पक्षी सेन्सरवर चौपट जागा व्यापतो, आणि पिसांच्या तंतूंचा तपशील त्या जागेतच मावायचा असतो. ४०० मिलिमीटरची साधी लेन्स आणि आठ मीटरवरचा पक्षी ही जोडी, ६०० मिलिमीटरची भारी लेन्स आणि तीस मीटरवरचा पक्षी या जोडीपेक्षा नेहमी सरस ठरते. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची लांबी वाढवणारे जोडभिंग) लावून अंतराची भरपाई करू पाहणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप उजेड खातो आणि २ पटीचा दोन स्टॉप, शिवाय हवेचा दोष तोही तितक्याच पटीने मोठा करतो.

जवळ जाण्याचा मार्ग म्हणजे पक्ष्यांना आपल्याकडे येऊ देणे. नांगरट चालू असलेल्या शेतात शेतमालकाला विचारून बांधावर आधीच बसून घ्यावे. "मामा, ट्रॅक्टर फिरतोय तोवर बांधावर बसू काय?" म्हटले की "बसा की, पण पाटात पाय घालू नका" असेच उत्तर बहुधा मिळते. ट्रॅक्टर आपल्या दिशेने प्रत्येक फेरा घेतो तेव्हा बगळे आणि कोतवाल आपोआप आठ-दहा मीटरवर येतात, आणि बसलेल्या माणसाची त्यांना उभ्या माणसाइतकी भीती वाटत नाही. खाली बसल्यामुळे कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर येतो आणि पार्श्वभूमी लांब जाऊन मऊ होते. लेन्स टेकवायला जोंधळ्याने किंवा तांदळाने भरलेली कापडी पिशवी पुरते. बांधावर आणि गाडीच्या खिडकीवर ती तिपाईपेक्षा अधिक उपयोगी आहे. खिडकीतून घेताना इंजिन बंद हवेच.

शटरच्या वेगाबद्दल थोडक्यात एवढेच: आधाराविना हातात धरलेल्या लेन्ससाठी तिची लांबी आणि सेन्सरचा गुणक (लहान सेन्सरमुळे दृश्य किती पट जवळ दिसते तो आकडा) यांच्या गुणाकाराइतका वेग हा किमान समजावा. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटरला तो १/१००० च्या आसपास येतो. चालणाऱ्या, टोचणाऱ्या बगळ्याला १/१०००, उडणाऱ्या बगळ्याला किंवा घारीला १/१६०० ते १/२०००, आणि हवेत एका जागी पंख फडफडवत पाण्यावर रोखून पाहणाऱ्या कवड्या खंड्याला १/३२०० हवे. हिडकलच्या काठी हा खंड्या काही क्षण एकाच जागी तरंगतो, त्यामुळे उडत्या पक्ष्यावर फोकस धरण्याचा सराव करायला त्याच्याइतका सोयीचा पक्षी नाही.

फोकसच्या बाबतीत सलग फोकसची पद्धत, म्हणजे कॅननवर सर्व्हो आणि निकॉन-सोनीवर एएफ-सी, कायम चालू असावी आणि फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्यावे. असे केल्याने पक्षी बसला की अंगठा उचलून फोकस तिथेच ठेवता येतो आणि उडाला की पुन्हा दाबून पाठलाग करता येतो. पक्ष्याचा डोळा ओळखणारा कॅमेरा असेल तर त्याचा लाभ घ्यावा, पण कोतवालाच्या बाबतीत तो बरेचदा चकतो, कारण काळ्या चेहऱ्यातला गडद डोळा त्याला वेगळा काढता येत नाही. ऑटोफोकसला उजेड-अंधाराची सीमा लागते. कोतवालाच्या चोचीच्या मुळाशी, तोंडाच्या कोपऱ्यात, एक बारीक पांढरा ठिपका असतो आणि तो डोळ्याच्या अगदी जवळ, जवळपास त्याच प्रतलात असतो. एकच लहान फोकस बिंदू तिथे टेकवला की डोळाही रेखीव येतो. सूर्य आपल्या पाठीमागे असेल तर डोळ्यात चमक उमटते आणि मग हे काम आणखी सोपे होते.

फोकस किती नेमका लागतो हे समजण्यासाठी एक हिशेब करून पाहावा. एपीएस-सी कॅमेरा, ६०० मिलिमीटर, एफ ६.३ आणि आठ मीटरवरचा पक्षी, या मांडणीत रेखीव दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी साधारण साडेचार सेंटीमीटर भरते. गायबगळ्याच्या चोचीच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर याहून जास्त असते. तो थेट आपल्याकडे पाहत असेल तर डोळा साधला तरी चोचीचे टोक पुसट राहणार. तो आडवा उभा असेल तर चोच, डोळा, मान आणि पंख एका प्रतलात येऊन सगळेच रेखीव मिळतात. म्हणून उजेड पुरेसा असेल तर एफ ८ वर जावे आणि पक्षी आडवा होण्याची वाट पाहावी. एफ ११ च्या पुढे मात्र जाऊ नये, कारण लहान छिद्रातून जाणारा उजेड पसरतो आणि सगळेच चित्र किंचित मऊ होते. लेन्सच्या तोंडावर दुकानदाराने आग्रहाने लावून दिलेला स्वस्त यूव्ही फिल्टर काढून ठेवावा; लांब लेन्सवर त्याचा दोष स्पष्ट दिसतो, आणि संरक्षणाला हूड पुरेसे आहे.

आता उजेडाची दिशा, जिच्यामुळे पोत घडतो. सूर्य बरोबर पाठीमागे असेल तर रंग चांगले येतात, पण बगळ्याचे अंग सपाट दिसते, कारण पिसांना सावलीच पडत नाही. सूर्य डाव्या किंवा उजव्या खांद्यावरून येत असेल तर प्रत्येक पिसाच्या कडेला बारीक सावली पडते आणि पांढऱ्यावर पांढरे वेगळे दिसू लागते. पाठीवरून लोंबणारी मोरबगळ्याची किंवा लहान बगळ्याची विणीच्या काळातली तलम पिसे अशा तिरक्या उजेडातच धाग्यासारखी सुटी दिसतात. कोतवालाला उलट विरळ ढगांतून गाळून आलेला उजेड मानवतो. त्यात पिसांवर तेलकट चमक येत नाही. सकाळी दहा ते चार या वेळात डोक्यावरच्या उन्हाने पक्ष्याच्या डोळ्यावर भुवईची सावली पडते, आणि त्या वेळात शिवारापेक्षा पाण्याच्या काठी किंवा पांढरट वाळूच्या पात्रात, जिथे खालूनही उजेड वर फेकला जातो तिथे, काम करावे.

पावसाळ्यात कणकुंबीकडे जाताना कॅमेरा एसीच्या गारव्यातून थेट दमट हवेत काढला तर पुढच्या काचेवर बाष्प धरते आणि ते पुसले तरी पुन्हा येते. पिशवी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटे बाहेरच्या हवेत राहू द्यावी. घरी आल्यावर सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात लेन्स ठेवावी, कारण खानापूर भागातल्या पावसात काचेच्या आत बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत, आणि बुरशी धरलेली लेन्स कॉन्ट्रास्ट कायमचा घालवून बसते.

संगणकावर

छायाचित्रे रॉमध्येच घ्यावीत आणि संगणकावर क्रम पाळावा. आधी प्रखर भाग खाली ओढून बगळ्याची पिसे परत येतात का ते पाहावे, मग सावल्या उचलाव्यात, त्यानंतर दाणा कमी करावा, आणि शार्पनिंग सर्वात शेवटी, तेही छायाचित्र ज्या आकारात वापरायचे त्या आकारात आणल्यानंतर करावे. दाणा काढण्यापूर्वी शार्पनिंग केले तर दाणाच टोकदार होतो. पार्श्वभूमीला शार्पनिंगची गरज नसते, म्हणून मास्क लावून ते पक्ष्यापुरते, आणि पक्ष्यातही डोके, डोळा आणि पंखांच्या कडा यांच्यापुरते मर्यादित ठेवावे. पिसाच्या कडेभोवती पांढरी रेघ उमटू लागली की शार्पनिंग जास्त झाले असे समजून एक पाऊल मागे यावे. बगळ्याच्या बाबतीत ही रेघ गडद पार्श्वभूमीवर लगेच दिसते, कोतवालाच्या बाबतीत ती आभाळावर दिसते. फोनच्या पडद्यासाठी किंचित कमी आणि मॅट कागदावरील छपाईसाठी किंचित जास्त शार्पनिंग लागते, कारण मॅट कागद शाई शोषताना कडा थोड्या पसरवतो. छपाईला देण्यापूर्वी पडद्याचा उजळपणा निम्म्यावर आणून छायाचित्र एकदा पाहून घ्यावे. पूर्ण उजळ पडद्यावर बरोबर वाटणारा कोतवाल कागदावर हमखास काळवंडतो, आणि तसा तो काळवंडलेला दिसला तर सावल्यांना आणखी अर्धा स्टॉप देऊनच फाइल पाठवावी.